उसनी फणी

सुधा गेल्याचं कळलं तेव्हा मी तिच्यासाठीच पेज गाळत होते. फोनवर भाऊजी एवढंच म्हणाले, "वहिनी, आता पेज आणू नका." मी तरी ती शेवटपर्यंत गाळली, मीठ घातलं, झाकून ठेवली... आणि मग खाली बसले.

सुधा माझी धाकटी जाऊ. कर्वेनगरला एकाच मजल्यावर आमची समोरासमोर दारं, सासूबाई आमच्याकडे. मी चौथी शिकलेले, ती मुलांना जपानी शिकवायची. तिच्या बोलण्याला सगळेच भ्यायचे, मी जरा जास्त. लग्न होऊन आली आणि माझ्या हातचा पहिला चहा पिऊन म्हणाली, "वहिनी, साखर फुकट वाटतात का इकडे?" तेव्हापासून तिचा चहा मी वेगळाच करत आले. विद्यार्थ्यांना घेऊन ती एकदा जपानला गेली. येताना सगळ्यांना काही ना काही आणलं, स्वतःला मात्र फिकट पिवळ्या लाकडाची एक फणी. तीही विकतची नव्हे, देवळातून उसनी आणलेली. तिचं डोकं तेव्हा दुखायला लागलं होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

मटार सोलता सोलता तिने मला त्या देवळाची गोष्ट सांगितली. फार जुन्या काळी तिथे एक कलावंतीण होती. एका सरदाराने तिला विकत घेतलं, पण तिचं मन दुसऱ्यावर होतं. होडीतून नेताना ती त्याला नाही म्हणाली, तर त्याने होडीतच तिला कापून नदीत टाकलं. मुंडकं काठाला लागलं. लोकांनी ते पुरून वर देऊळ बांधलं, आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी असतं तेवढंसं. ती डोक्याची दुखणी बरी करते म्हणतात. तिथली फणी उसनी न्यायची, सकाळ-संध्याकाळ त्याच फणीने केस विंचरायचे आणि बरं वाटलं की ती फणी आणि सोबत एक नवी, अशा दोन नेऊन ठेवायच्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुधा म्हणाली, "बघा ना, जिवंत होती तोवर पुरुषांची सेवा, मेल्यावर सगळ्यांच्या डोक्यांची. बाईला सुट्टी नाहीच."

पुढे डोक्यात गाठ निघाली. उजवा हात चालेना, म्हणून विंचरायचं काम माझ्याकडे आलं. सकाळचं ठीक होतं, पण दिवेलागणीला आमच्यात केसांना फणी लावत नाहीत. मी चाचरले, तर म्हणाली, "देवी तिकडची आहे वहिनी, तिला आपलं घड्याळ कळत नाही." सासूबाई दारात येऊन ओरडल्या, "तिन्हीसांजेला केस मोकळे? घरात कोणी मेलंय का?"

"अजून नाही, आई. जरा धीर धरा," सुधा म्हणाली.

मग औषधांनी केस गेले. तरी तिने विंचरणं थांबवू दिलं नाही. नुसत्या कातडीवरून मी हलकेच फणी फिरवायचे. एकदा म्हणाली, "जिला स्वतःचं डोकं धडावर ठेवता आलं नाही, ती माझं काय सांभाळणार!" मग कशाला विंचरायचं, असं मी भीत भीत विचारलं. "तेवढा वेळ तुम्ही मागे उभ्या राहून रडता. बाकीचे समोर बसून रडतात." आणि थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात... "शनिवार पेठेतून एक नवी लाकडी फणी आणून ठेवा. द्यायला आपण दोघी जाऊ." मी आणली. तिने वास घेतला आणि म्हणाली, "ठीक आहे. देवी काही फार चिकित्सक नसावी."

तेराव्याला पाहुण्यांसमोर सासूबाई म्हणाल्या, "हिनेच तिन्हीसांजेला विंचरून विंचरून घालवली तिला. ती अवदसा फणी आधी नदीत टाक." मी भाऊजींकडे पाहिलं. सुधा स्वतःच विंचरून मागायची हे त्यांना ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते पत्रावळी मोजायला आत गेले. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी लाडू वाढत राहिले.

गेल्या आठवड्यापासून सासूबाईंचं डोकं दुखतंय. गोळ्या झाल्या, सुंठेचा लेप झाला. काल दिवे लावून मी त्यांच्याजवळ बसले, तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "अगं, ती फणी... खरंच टाकलीस का?"

"हो आई. तुम्हीच सांगितलं होतं."

मी त्यांच्या कपाळाला बाम चोळून दिला, नीट, अगदी हलक्या हाताने.

दोन्ही फण्या माझ्या कपाटात साड्यांखाली आहेत. सुधा बरी झाली नाही, म्हणून परत द्यायच्या नाहीत. नवी अजून कोरी आहे. जुनीच्या दात्यांत सुधाचा एक लांब केस अडकलाय, तो मी काढलेला नाही.