गोलला पाच हजार

कोल्हापुरात फुटबॉलच्या मॅचला शौकीन मंडळी भोंग्यावरून बक्षिसं पुकारतात. काल आमच्या पेठेचा फॉरवर्ड, मोसमापुरता पगार मिळणारा, गुडघा धरून कोसळला. संघातल्या कुणीतरी गुडघ्यावर दुखणं बधिर करणारा गार फवारा मारला, तसा तो उठून लंगडत धावू लागला. लगेच भोंगा ओरडला, "याच्या गोलला पाच हजार!" आम्ही खुळ्यासारख्या टाळ्या पिटल्या. माझ्या शेजारी बसलेले त्याचे वडील तेवढे पुटपुटले, "बाहेर ये रं लेका."

मला त्या फवाऱ्याचीच भीती वाटली. दुखणं आत तसंच राहतं आणि पाय मात्र धावत सुटतो. गोलची किंमत पुकारतात. गुडघ्याची कोण पुकारणार?

तो पुन्हा पडला. या वेळी उठला नाही. वडील उभे राहिले. दोघांनी त्याला उचलून बाहेर नेलं. बदली खेळाडू आत आला आणि भोंगा पुन्हा ओरडला. पाच हजार तेच होते, नाव तेवढं बदललं होतं.