बक्षीस सावलीत आणा

माझी धाकटी बहीण शकुन हिच्या पोटात माझी एक किडनी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्यावर चिडले तर तो माझा हक्कच आहे हे कळेल. दक्षिणेतल्या एका इस्पितळात १९७३ साली ऑपरेशन झालं. त्याआधी कॉलेजात तिला धावण्यात मागे टाकणारी मुलगी कलकत्त्यातल्या आमच्या अख्ख्या बेहाला भागात नव्हती.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बरं वाटलं की खुशाल धावा, फक्त पोटावर मार बसू देऊ नका. आणि उन्हापासून जपा. दुसऱ्याची किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, त्यांनी अंगाची राखण ढिली पडते, आणि मग उन्हाने कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. आमच्या आईने यातलं फक्त ‘जपा’ एवढंच ऐकलं.

मग काय, धावणं बंद आणि गच्ची सुरू. कलकत्त्याच्या थंडीत जो तो खुर्ची घेऊन गच्चीवर जातो. शेजारच्या बोसकाकीमा मोहरीच्या तेलाची वाटी घेऊन यायच्या आणि “रोद पोहाओ मा, रोद पोहाओ,” म्हणजे ऊन खा गं, ऊन खा, असं म्हणत शकुनला उन्हात बसवून तेल चोळायच्या. आई खूश. पोरीच्या गालावर रंग चढतोय म्हणायची. सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत, दर थंडीत, माझी किडनी गच्चीवर वाळत पडलेली असायची. मी आक्षेप घेतला तर आई म्हणे, “कोवळं ऊन आहे गं, त्याने कुणाचं वाईट झालंय?”

शकुन गच्चीवर मुकाट बसायची, पण धावणं तिने सोडलं नव्हतं. पहाटे दुधाच्या बूथवर रांग लावायला म्हणून जायची, पिशवी रांगेत ठेवायची आणि मागच्या पटांगणात फेऱ्या मारायची. दूध उशिरा यायचं आणि आई बूथवाल्याच्या नावाने खडे फोडायची.

सत्त्याहत्तर साली तिच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खरखरीत खपली धरली. तिथेच आजीची बुगडी असायची, तेव्हा आईचा निकाल तयार होता: बुगडी चरली. बुगडी काढली, हळद लावली, खोबरेल लावलं. खपली पडायची आणि पुन्हा धरायची. शेवटी मी शकुनला ओढतच कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. आईही आली. त्यांनी तुकडा तपासायला पाठवला आणि तो कॅन्सरच निघाला. आपल्याकडे असं क्वचित दिसतं, पण या गोळ्यांवर असलेल्यांना जपावंच लागतं, म्हणाले. वेळेवर आलात.

“ही चोरून धावते,” आई एकदम म्हणाली. दुधाचं गौडबंगाल तिला केव्हाच कळलं होतं तर! “त्यानेच झालं.”

“केव्हा धावता?” डॉक्टरांनी विचारलं.

“उजाडायच्या आत.”

“मग ऊन कुठे लागतं?”

शकुनने आईकडे पाहिलं नाही. “गच्चीवर,” म्हणाली.

कानाची कड कापली, बुगडीचं भोकही गेलं. मग आठवड्याने एके दिवशी जेवताना आई म्हणाली, “आता तरी धावणं सोड.” शकुनने पानावरून मान वर केली. “चूक गच्चीची आणि शिक्षा माझ्या पायांना? बंद करायची तर ती गच्ची. मी जानेवारीत आपल्या मराठी मंडळाच्या शर्यतीत उतरणार आहे.” मला तिचा असा राग आला! आणि असा अभिमानही वाटला की मी उठून तिला आणखी भात वाढला.

मंडळाच्या शर्यती मैदानावर, भर दुपारी. शकुन आली ती निळ्या जाड कापडाच्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात, पायघोळ विजारीत, हनुवटीखाली नाडी बांधलेल्या रुंद टोपीत, नाकाकानांना पांढरं मलम थापून. डोक्यावर छत्री. पोरं फिदीफिदी हसली. शर्यतींचे प्रमुख मनोहरकाका म्हणाले, “अगं, हे काय सोंग? आजारी माणसाने बसून टाळ्या वाजवाव्यात.”

“आजारी मी नाही, काका. आजारी पडू नये म्हणूनच हे सोंग.” छत्री माझ्या हातात देऊन ती रेषेवर उभी राहिली.

दुसरी आली. पहिली आलेली मुलगी अठराची होती. मी घसा बसेपर्यंत ओरडले आणि थोडी रडलेही.

बक्षिसांचं टेबल उन्हात मांडलेलं, खुर्च्याही उन्हात, थंडी ना! शकुन झाडाखाली छत्री उघडून बसली होती. नाव पुकारलं तशी तिथूनच म्हणाली, “काका, बक्षीस सावलीत आणा.”

मनोहरकाकांचा चेहरा लाल झाला. “इथे येऊन घ्यायची पद्धत आहे. पाच पावलं उन्हाने काय होतंय?”

पाच पावलांनी काही होत नाही हे शकुनलाही ठाऊक होतं. पण ती उठली नाही.

पुढच्या रांगेतून आई उठली. तिने टेबलावरचा स्टीलचा डबा उचलला. “कोवळ्या उन्हाने काय होतंय, असं मीच म्हणत होते, मनोहरराव,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “माझ्या पोरीचा कान गेला.”

आणि डबा घेऊन ती झाडाकडे चालत आली. शकुनने तो घेतला, आणि सरकून आईला छत्रीखाली जागा करून दिली.