पाटलांच्या भल्या दाखल्यानं माझा अर्ज बुडाला

गड्यांनो, हे पत्र वाचलं की पलटणीतल्या पुढच्याला धाडा. आज नगरला गेलो होतो. आत्ताच शेवगावला परतलोय आणि डोकं नुसतं तापलंय.

लढाईनंतर मला घरी पाठवलं, तेव्हा माझ्या कागदावर 'मनाचा आजार, शिपाई म्हणून नालायक' असं लिहिलं. माझं म्हणणं एवढंच, की 'नालायक' हा शब्द खोडा आणि 'आजार लढाईत जडला' असं लिहा. त्यासाठी सैनिकांच्या कचेरीत ही माझी चौथी खेप.

मागच्या खेपेला कारकुनानं आजाराबद्दल गावचा दाखला मागितला होता. आमचे पोलीसपाटील तात्या भला माणूस. रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार, म्हणून त्यांनी आपल्या मनानंच लिहिलं, 'इसम शहाणा व शांत आहे. घराण्यात वेड नाही.' मी आज बंद पाकीट तसंच नेऊन दिलं.

कारकून वाचून म्हणाला, "तुम्हाला तर काही झालेलंच नाही. मग अर्ज कशाला?"

परत आल्यावर तडक तात्यांकडे गेलो. ते म्हणाले, "आरं, तुला येडा लिवू व्हय? पावनं दारातनंच माघारी जातील."

आता भांडू तरी कुणाशी?

तुम्ही खंदकात माझ्या शेजारी होता. मी भरतीला कसा होतो आणि त्या गोळाबारीनंतर कसा झालो, ते चार ओळींत लिहून द्याल का? आजारी लिहा, वेडा लिहू नका. आणि पाकीट चिकटवू नका. या खेपेला मी आधी वाचणार आहे.