पलीकडचा भिडू

मित्राला पाठवायचा मेल मी चुकून मामाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या आणि ते वापरणाऱ्या सगळ्या मंडळींना पाठवला. ‘आमच्या मामाचं सॉफ्टवेअर म्हणजे म्हातारा बैल. सी भाषेतलं ते खटारं मोडून रस्ट या नव्या भाषेत पुन्हा लिहायला हवं.’ संध्याकाळपर्यंत जगभरातली माणसं हमरीतुमरीवर आली. एक गट म्हणे, नव्या भाषेत मेमरीचे घोळ टळतील, प्रोग्रॅम मध्येच कोसळणार नाही. दुसरा म्हणे, चालत्या गाडीला खीळ कशाला?

मामा छापखान्यात मशीनवर असतो. कागदाची घडी घातल्यावर पुस्तकाची पानं क्रमाने यावीत, तर ती आधी कशी मांडायची हे त्याचं सॉफ्टवेअर ठरवतं. फुकट आहे, म्हणून शिव्या घालायला सगळे मोकळे. ते लिहिताना दूरदेशी त्याचा एक भिडू होता. दोघं कधी भेटले नाहीत. मामा त्याला ‘पलीकडचा’ म्हणतो. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने पाहिल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. टोमणे कोडमध्येच. ‘इथे हात लावू नकोस, मोठ्या मुश्किलीने चाललंय.’ त्याखाली दुसऱ्याचं: ‘लावला. अजून चालतंय.’

मग एके वर्षी पलीकडचा गप्प झाला, तो झालाच.

मी तोंड लपवत मामाकडे गेलो. मामीने दारातच गाठलं, “या, बैलवाले!”

“मामा, चुकलं. पण मुद्दा खोटा नाही.”

“खोटा कोण म्हणतंय, गाढवा? पण पलीकडचा परत आला, तर त्याला आपलं घर ओळखू यायला नको?”

“टोमणे उतरवून घेऊ की नव्यात.”

“भांडण उतरवून घेता येतं होय रे?”

मामा मेल वाचत राहिला. एका छापखानेवाल्याने लिहिलं होतं, सॉफ्टवेअर मध्येच गडबडलं, पानं उलटसुलट लागली, सगळी छपाई रद्दीत गेली. मामाने ते दोनदा वाचलं.

“कागद वाया गेला रे,” म्हणाला आणि टाइप केलं: ‘लिहा नव्याने. जुन्याला मात्र कुलूप लावू नका, त्यात लिहिता आलं पाहिजे.’

“ते का?”

त्याने पलीकडच्याची शेवटची, अजून आत न घेतलेली दुरुस्ती उघडून दाखवली. एवढीशी, एका ओळीची. खाली ‘बघ आणि सांग.’

“चुकीची आहे?”

“अगदी बरोबर आहे. तेव्हाच बघितली होती.”

“मग कळवलं का नाहीस?”

“तेव्हा, उद्या कळवू म्हटलं. आता कळवलं, की आमच्यात बोलायचं काही उरणार नाही.”

मामी जेवायला हाका मारत होती. उत्तराच्या रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकत ठेवून मामा हात धुवायला गेला.