शेजारच्या खाटेवरची दुपार

माझे वडील, आप्पा, कारेगावला माझ्याकडे राहायला आले होते, तेव्हाच त्यांना झटका आला. शिरूरच्या एका दवाखान्यात नेलं, त्याच दिवशी स्टेंट बसवला. दोन दिवस आयसीयूत काढून तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दोन खाटांच्या खोलीत आणलं. जन्मभर दौंडला रेल्वेच्या रुळांवर काम केलेला माणूस. छातीत नेमकं काय बसवलंय, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी फाईल चाळली, बरोबरच्या ज्युनियरशी इंग्रजीत काही बोलले, आणि आप्पांनी विचारलं तेव्हा "टेन्शन घेऊ नका" म्हणून निघून गेले.

शेजारच्या खाटेवर भांडगावचे एक गिरणीवाले होते. जेवणानंतर त्यांची बायको औषधं आणायला खाली मेडिकलला गेली, आणि थोड्याच वेळात ते डावा खांदा चोळायला लागले. कपाळावर घाम आला. पाठीत भरून आल्यासारखं वाटतंय, म्हणाले. आप्पांनी मला सिस्टरकडे पाठवलं.

सिस्टर काउंटरवर काहीतरी लिहीत होती. वर न बघताच तिनं गॅसेस असतील, सरांना कळवते, असं सांगितलं. मी परत येऊन म्हटलं, "येताहेत."

कोणी आलं नाही. गिरणीवाले आता डोळे मिटून, दात आवळून पडले होते.

"परत जा," आप्पा म्हणाले.

मी हळू आवाजात त्यांना समजावलं की सांगून झालंय, सारखं सारखं गेलं तर ते चिडतील, आणि मग तुमच्याकडे बघणार नाहीत. हे मी बोलले. दुसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडणार होते, मला कुणाशी वाईटपणा नको होता. मी स्टुलावर बसून मोबाईल बघत राहिले. बघत काय होते ते आठवत नाही. गिरणीवाल्यांच्या श्वासाचा आवाज मात्र आठवतो.

शेवटी आप्पांनीच हाताची सलाईन ओढून काढली. रक्ताचे थेंब सांडत अनवाणी दारापर्यंत गेले आणि रुळांवर माणसांना हाक मारायचे तशी हाक मारली. मग सगळे धावले. पडदा ओढला, स्ट्रेचर आलं आणि गेलं. आप्पांना मात्र सिस्टरनं खाटेवरून उठल्याबद्दल झापलं.

संध्याकाळपर्यंत त्या खाटेवर नवी चादर आणि नवा पेशंट होता. गिरणीवाल्यांचं काय झालं, असं काउंटरवर विचारलं, तर तुम्ही नातेवाईक आहात का, असं मलाच विचारलं.

महिन्याभरानं आप्पांनी हट्टानं मला भांडगावला नेलं. गिरणी चालू होती. गिरणीवाल्यांची बायको पिठानं माखलेल्या हातांनी बाहेर आली. तिनं आप्पांना ओळखलं, आत बसवलं, चहा टाकला. पुण्याला नेताना वाटेतच गेले, म्हणाली. मग तिनं विचारलं, "लई येळ दुखत व्हतं का त्यांना?"

"नाही, फार नाही," मी म्हटलं.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "पाऊण तास, बाई," ते म्हणाले.

गिरणीचा पट्टा फिरत होता. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी खालीच व्हते की. मेडिकलच्या लायनीत. कुणी हाक मारली असती तर आले असते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. एक जिना उतरून जायचं मला सुचलंच नव्हतं.

आप्पांची तब्येत आता बरी आहे. तपासणीला ते माझ्या भावाला घेऊन जातात. मला सुट्टी मिळत नसेल, असं तेच परस्पर सांगतात. मी कधी खोडून काढत नाही. ऑफिसमध्ये जेवणानंतर खोली शांत झाली, की कुणीतरी माझ्या मागं दात आवळून श्वास घेतंय असं वाटतं. मी उठते आणि जिन्यापर्यंत जाऊन येते.