कागद नसलेले ठिपके

इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकच्या ऑफिसात मी नकाशे बनवतो. आमचा क्लायंट एक परदेशी प्रांतिक सरकार. तिथल्या आदिवासींशी त्यांच्या जमिनीवरून वाटाघाटी चालल्या होत्या. त्यांच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली थडगी, मासेमारीच्या जागा मी ठिपक्यांनी दाखवल्या. मॅनेजर म्हणाली, "ज्यांना कागद नाही, ते ठिपके काढून टाक." मी मुकाट काढून टाकले, वर चहाही प्यायलो.

गडचिरोलीत आमच्या ग्रामसभेचा वनहक्काचा दावा असाच फेटाळला होता. म्हाताऱ्यांनी साहेबाला अख्खी शीव चालून दाखवली, एकेक मोहाचं झाड दाखवलं. तो लेकाचा म्हणाला, "कागद कुठाय?"

रविवारी बाबांना फोनवर माझं काम सांगितलं, ठिपक्यांचं सोडून. ते हरखले. म्हणाले, "नशीबवान आहेत रे ती माणसं. साहेबाच्या खुर्चीत त्यांना आपला माणूस मिळाला."