कपाशीच्या पानांची तलवार

धुळ्यात भांड्यांच्या दुकानापुढच्या ओट्यावर वना बसे आणि लोकांच्या हंड्या-कळशांवर नावं घाली. गावातली निम्मी नावं त्याच्या छिन्नीखालून गेलेली, पण त्याचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. ते त्याला फार खुपायचं.

इंग्रज गेले त्या साली त्याचा साक्रीचा बालमित्र चुडामण मुंबईहून परतला. आरमारातल्या एका साहेबाकडे तो स्वयंपाकी होता. साहेबानं जाताना आपल्या आजोबाची जुनी तलवार त्याला देऊन टाकली होती. मुठीच्या टोकाला सिंहाचं तोंड, पकडीवर माशाचं खरखरीत कातडं, त्यावर सोनेरी तारेचे वेढे. पण हाताला आडोसा देणाऱ्या पितळी पट्टीवरची नक्षी पार झिजली होती. जहाजाचा नांगर आणि भोवती पानांची वेल कोरली होती, त्यातला निम्मा नांगर तेवढा उरला होता.

"वना, पहिलेसारखी कर," चुडामण म्हणाला. "म्यानना तोंडवर तुन्हं नाव घाल. जठे लई जासू तठे सांगसू, हाई मन्हा वनानं काम शे."

गडी हुरळून गेला. लोकांची भांडी पडून राहिली, बायको कमलबाई करवादली, पण हा मान वर करेना. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. नांगराचा दोर त्यानं मोटेच्या नाड्यासारखा पिळदार काढला. मूळची पानं पुसली होती तिथं, रोज डोळ्यांपुढं असायची ती कपाशीची पानं कोरली. शेवटी म्यानाच्या पितळी तोंडावर स्वतःचं नाव घातलं आणि आळीत गूळ वाटला. लेक झाल्यासारखा! वेडाच म्हणायचा, दुसरं काय.

काही वर्षांनी जळगावात प्रदर्शन भरलं. चुडामण तोवर तिथला बडा माणूस झाला होता. त्याची तलवार काचेत ठेवलीय असं कळताच वना कमलबाईला घेऊन एसटीनं गेला. आधी त्यानं म्यानाचं तोंड पाहिलं. नाव कानशीनं घासून काढलं होतं. तरी चुडामणला हे ठाऊक नसेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

चुडामण काचेपाशीच उभा राहून पाहुण्यांना सांगत होता, "साहेबांच्या हातून आली तशीच आहे. कुणाला हात लावू दिला नाही. ही बघा, समुद्रातली वेल."

"कसानी वेल, भाऊ!" भडगावकडचा एक शेतकरी म्हणाला. "हाई ते कपाशीनं पान शे!"

सगळे हसले. वनाला तर उकळ्याच फुटल्या. तो पुढे सरसावला. "चुडामण, सांग ना रे यासले, कोन्हं काम शे ते!"

चुडामणनं वळून पाहिलं. त्यानं ओळखलं, हे वनाला स्वच्छ दिसलं. मग त्यानं हात जोडले.

"आपण कोण? मी ओळखलं नाही आपल्याला."

जन्मभर अरेतुरे करणारा माणूस! एका ताटात जेवलेला! कमलबाई पदर खोचून भांडायला निघाली, तसा वनानं तिचा हात घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"चाल वं," तो म्हणाला. "हाऊ आपला चुडामण नही."